विचार पटत नाहीत, पण गाणं सुटत नाही

उत्तररात्र

सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, संघाचे स्वयंसेवक होते. लपूनछपून नव्हे, उघडपणे आणि आयुष्यभर. मी सेवादलाच्या घरात वाढलो. साने गुरुजींची प्रार्थना आणि वसंत बापटांची गाणी हे आमचं बाळकडू. संघाचं राजकारण मला तेव्हा पटत नव्हतं, आज तर अजिबातच पटत नाही. तरीही बाबूजींच्या आवाजाइतका दुसऱ्या कुणा गायकाचा आवाज माझ्या आत उतरलेला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्हींबद्दल बोलायचंय.

धाग्याचं निमित्त म्हणजे आमच्या हौशी गटाचा भावगीतांचा कार्यक्रम. गाणी निवडताना एकीने फडक्यांच्या नावाला हरकत घेतली. लगेच दुसऱ्याने अमर शेखांच्या नावाला घेतली, कारण ते कम्युनिस्ट. मग कुणी लताबाईंबद्दल बोललं. थोड्या वेळात यादी अशी झाली की त्यात कुणाचाच कुणावर राग नव्हता आणि गाण्यासारखंही फारसं काही उरलं नव्हतं.

अशा वेळी लोक चटकन म्हणतात, "कला वेगळी, कलाकार वेगळा." मला हे वाक्य पटत नाही. बाबूजींच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवायला जी मंडळी गेली त्यांत ते होते. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे लिस्बनच्या तुरुंगात होते, त्यांच्या सुटकेसाठी बाबूजींनी जिवाचं रान केलं. रानडे १९६९ मध्ये सुटले. सावरकरांवरचा चित्रपट लोकवर्गणी जमवत, वर्षानुवर्षं रेटत त्यांनी पूर्ण केला आणि २००१ मध्ये तो पडद्यावर आला. दुसऱ्याच वर्षी ते गेले. राजकारण घरी ठेवून ध्वनिमुद्रणाला येणारा हा माणूस नव्हता. ज्या निष्ठेने ते दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला गेले तीच निष्ठा 'वेदमंत्रांहून आम्हां' च्या चालीत आहे. ती निष्ठा बाजूला काढली तर गाण्यात काही शिल्लक राहत नाही. म्हणून मी त्यांना दोन भागांत कापत नाही. अख्खा माणूस ऐकतो, आणि त्याच्याशी असलेलं माझं भांडण तसंच ठेवतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाणं एकट्याचं नसतं. गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. कल्पना सीताकांत लाड यांची. शब्द गदिमांचे, जे पुढे काँग्रेसच्या राजवटीत राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत होते. चाली बाबूजींच्या. आवाज माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत कितीतरी जणांचे. आणि हे सगळं वाजलं कुठे, तर नेहरूंच्या सरकारच्या रेडिओवर, केसकर नभोवाणीमंत्री असताना. संघावर १९४८ मध्ये घातलेली बंदी उठून तेव्हा सहाच वर्षं होत होती. तरी एका स्वयंसेवकाच्या चालीतली ५६ गाणी सरकारी रेडिओने आठवड्यामागून आठवडे लावली आणि घराघरांत लोक रेडिओभोवती बसले. त्या गाण्यांवर कुठल्या पक्षाचा शिक्का मारायचा?

१९९० च्या रथयात्रेनंतर आमच्या घरात गीतरामायणावरून कडाक्याचा वाद झाला होता. काका म्हणाले, आता ही कॅसेट लावणं म्हणजे त्यांच्या बाजूने उभं राहणं. वडिलांनी उत्तर दिलं नाही, कॅसेट मात्र लावली. 'दैवजात दुःखे भरता'. हे गाणं पुन्हा एकदा नीट कान देऊन ऐका. यमनच्या अंगाने जाणारी साधी चाल. कडव्यामागून कडवी येतात, तरी गायक कुठे हरकती-मुरकतींच्या नादी लागत नाही. 'पराधीन' मधला 'धी' किंचित लांबतो आणि लगेच सोडून दिला जातो. प्रत्येक जोडाक्षर स्वच्छ. श्वास घेतला तरी शब्द तुटत नाही. आणि सांगितलं काय जातंय? राज्य हातचं गेलेला राम धाकट्या भावाला सांगतोय की दोष कुणाचाच नाही, आईचाही नाही. ज्या रामाच्या नावाने त्या वर्षी देशात दंगली झाल्या, त्या रामाचा आणि या रामाचा मला काहीच संबंध लागत नाही. हा राम माझ्यापर्यंत एका संघाच्या माणसाच्या गळ्यातून आला, हेही मी नाकारत नाही.

माझी सीमारेषा एवढीच, की गाणंच दुसऱ्याला हिणवत असेल, धमकावत असेल, तर ते ऐकायचं नाही, मग चाल कितीही गोड असो.

तुमची रेघ कुठे आहे ते ऐकायचंय. "संगीताला राजकारण नसतं" एवढंच कृपया लिहू नका.

पंचमवेडी

गाणं एकट्याचं नसतं याला जोरदार अनुमोदन. मी 'उष:काल होता होता' चं उदाहरण देते. शब्द सुरेश भटांचे, ज्यांनी भीमवंदना लिहिली. चाल हृदयनाथांची, ज्यांनी सावरकरांवरची भक्ती कधी लपवली नाही. आवाज आशाताईंचा. चित्रपट 'सिंहासन', १९७९, दिग्दर्शक जब्बार पटेल, ज्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांवर चित्रपट केला. आज हे गाणं कुठे म्हणतात? मोर्चात, धरण्यावर, विद्यार्थ्यांच्या आंदोलनात, आणि बहुतेक वेळा डाव्यांच्या. मी स्वतः अशा गर्दीत उभी राहून ते म्हटलंय. चाल कुणाची आहे हे मला माहीत होतं आणि त्याने गळा जरासुद्धा दाटायचा राहिला नाही.

हृदयनाथांना ती ओळ कशी कळली असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मशाली पेटवायची हाक त्या चालीत ज्या ताकदीने येते, ती विचार न पटणाऱ्या माणसाकडून येणार नाही. म्हणजे तो अंधार दोघांनाही दिसत होता. कुणामुळे आला यावर त्यांचं एकमत झालं असतं असं मला वाटत नाही.

सातपुडा

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून असहमतीही मनापासून लिहितो.

बाबूजी २००२ मध्ये गेले. भट, गदिमा, अमर शेख कुणीच हयात नाहीत. गेलेल्या माणसाशी असलेलं भांडण आपल्याला परवडतं, कारण त्यात आता कुणाचं नुकसान होत नाही. प्रश्न हयात असलेल्यांचा आहे. जो गायक आज व्यासपीठावर उभा राहून एखाद्या समाजाविरुद्ध बोलतो, त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट मी काढायचं का? माझे पैसे त्याच्या खिशात जातात, माझी टाळी त्याचं वजन वाढवते. ते वजन तो कुठे वापरतो हे मला दिसतंय. मी तिकीट काढत नाही. त्याचं जुनं गाणं रिक्षात लागलं तर बंद करा म्हणत नाही, पण पैसा आणि मान देत नाही. माझी रेघ ही आहे.

आणि "गाणं अनेकांचं असतं" हे दोन्ही बाजूंनी लागू करा. मिरवणुकीत मशिदीसमोर मुद्दाम थांबून डीजेवर जी गाणी लावतात, तीही अनेकांचीच असतात. कुणीतरी लिहिलेली, कुणीतरी चाल लावलेली, कुणीतरी रेकॉर्ड केलेली. श्रेय वाटून घ्यायचं तर जबाबदारीही वाटून घ्यावी लागेल. चाल लावणाऱ्याने "मी फक्त चाल लावली" म्हणून हात झटकायचे नाहीत.

उत्तररात्र

सातपुडा, जबाबदारीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पैशाचाही बऱ्यापैकी. फक्त एक विचारतो. लताबाई हयात असताना तुम्ही काय केलंत? २७ जानेवारी १९६३ ला नेहरूंसमोर 'ऐ मेरे वतन के लोगो' गाणाऱ्या त्याच, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुण्याच्या दीनानाथ रुग्णालयाच्या कार्यक्रमात मोदी पंतप्रधान व्हावेत असं म्हणणाऱ्याही त्याच. तेव्हा भारतरत्न परत करा म्हणणारे काँग्रेसवाले निघाले होते. मला त्यांचं वाक्य आवडलं नव्हतं आणि परत करण्याची मागणी त्याहून जास्त खटकली होती.

सातपुडा

ऐकत राहिलो. मत सांगणं आणि द्वेष पसरवणं यांत मी फरक करतो. अमुक माणूस पंतप्रधान व्हावा असं वाटणं हा त्यांचा हक्क होता.

माटुंगा रोड

मी समोरच्या बाजूचा. उजव्या विचारांचा, मतदानही तसंच. त्यामुळे माझा पेच उलटा आहे आणि त्याचं नाव कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मार्च २०२४ मध्ये चेन्नईच्या म्युझिक अकादमीने कृष्णांना 'संगीत कलानिधी' हा सन्मान जाहीर केला. त्यासोबत डिसेंबरच्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपदही येतं. लगेच रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी त्या वर्षीच्या परिषदेतून माघार घेतली. कृष्णा कर्नाटक संगीताच्या परंपरेला आणि कलाकारांना सतत खाली दाखवतात, द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांचा गौरव करतात, असं त्यांचं म्हणणं. त्रिचूर बंधूंनीही माघार घेतली. अकादमी बधली नाही आणि १ जानेवारी २०२५ ला कृष्णांनी तो सन्मान स्वीकारला.

मला हे फार जवळून लागलं, कारण या भगिनी मुंबईत वाढलेल्या. मैफलीच्या शेवटी त्या अभंग घेतात तेव्हा षण्मुखानंदमधले माझ्यासारखे मराठी लोक सावरून बसतात. अनेक मराठी गायकांपेक्षा त्यांचे उच्चार शुद्ध आहेत. विचारांनीही मी त्यांच्याच बाजूचा. पेरियारांनी ब्राह्मणांबद्दल जे लिहिलं-बोललं ते वाचून मला यातना होतात. कृष्णांनी २०२३ मध्ये वैकम सत्याग्रहाच्या शताब्दीला पेरुमाळ मुरुगन यांचं पेरियारांवरचं गीत गायलं, तेव्हा मी ते पूर्ण ऐकू शकलो नाही.

आता पेच. कृष्णांसारखं गाणं आज फार थोडे लोक गातात. कर्नाटक मैफलीचा साचा ठरलेला असतो. वर्णम नावाच्या रचनेने सुरुवात, मग छोट्या कृती, मग मुख्य राग, मग तालवाद्यांचं तनि आवर्तनम, शेवटी हलकंफुलकं. हा माणूस वर्णमच उचलून मध्यावर ठेवतो आणि इतक्या संथ लयीत मांडतो की लहानपणापासून पाठ असलेली रचना अनोळखी वाटायला लागते. आलाप चांगला रंगला आणि पुढे काही गायची गरज नाही असं वाटलं तर तो तिथेच थांबतो. साथीदारालाही मधल्या जागेत शांतता मिळते. त्याच्या लेखनातला जो हट्ट मला संताप आणतो, तोच हट्ट गाण्यात मला जागेवर खिळवून ठेवतो. उत्तररात्र जे नाकारतात ते दोन भाग करायचा प्रयत्न मी करून पाहिला. होत नाहीत. साचा मोडणं हेच त्याचं राजकारण आणि हेच त्याचं संगीत.

तरी एक स्पष्ट लिहितो. भगिनींनी माघार घेतली म्हणून त्यांना असहिष्णू ठरवणाऱ्यांत बरेच लोक असे होते, जे स्वतः विरुद्ध विचारांच्या कलाकाराच्या मंचावर पाऊल ठेवणार नाहीत. कुणाच्या अध्यक्षतेखाली गायचं नाही हे ठरवण्याचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा हवा. आमच्याकडच्या लोकांनाही सांगतो, कृष्णांच्या मैफली रद्द करायला लावणं हे माघार घेण्यासारखं नाही. २०१८ मध्ये दिल्लीत विमानतळ प्राधिकरणाने आरडाओरड्यापुढे मान तुकवून कार्यक्रम मागे घेतला, ते मला लाजिरवाणं वाटलं होतं. शेवटी दिल्ली सरकारने दुसरीकडे त्यांचं गाणं ठेवलं.

जास्वंद

माटुंगा रोड, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता त्यांचं एक ध्वनिमुद्रण लावलंय. तुमच्याशी माझं राजकारणात एका मुद्द्यावरही जुळणार नाही, पण ऐकावं कसं हे तुम्ही फार नीट सांगितलंत.

इझारकाठ

मी म्युनिकमध्ये राहते. या विषयावर या शहराइतकं दुसऱ्या कुठल्या शहराने भोगलं असेल असं वाटत नाही.

जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेराचा पहिला प्रयोग इथलाच, १८६५. याच वाग्नरने १८५० मध्ये ज्यू संगीतकारांविरुद्ध विखारी लेख टोपणनावाने लिहिला आणि १८६९ मध्ये स्वतःच्या नावानिशी पुन्हा छापला. पुढे हिटलर त्याचा भक्त झाला. पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेल्यावर, कार्यक्रमातून वाग्नर काढला. तिथून जी अलिखित बंदी सुरू झाली ती इस्रायलमध्ये अजून पुरती उठलेली नाही. आणि दुसरीकडे हेही खरं, की ज्यू राष्ट्राची कल्पना मांडणारा थिओडोर हर्झल आपलं पुस्तक लिहीत असताना संध्याकाळी वाग्नरचा 'टॅनहॉयझर' ऐकायला जायचा. ज्या दिवशी ऑपेरा नसे त्या दिवशी त्याला आपल्या विचारांबद्दल शंका यायची, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

आता आपला माणूस. वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता, जन्म मुंबईचा, नंतर इथल्या बव्हेरियन ऑपेराचेही प्रमुख. १९८१ मध्ये तेल अवीवमध्ये ठरलेला कार्यक्रम संपवून त्यांनी जाहीर केलं की आता 'ट्रिस्टान' मधला भाग वाजवणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल जावं. सभागृहातला एक कर्मचारी, नाझींच्या ज्यूसंहारातून वाचलेला, थेट मंचावर चढला आणि अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले. त्या माणसाला "कला वेगळी" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद संचालक डॅनियल बारेनबॉईमने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. आधी श्रोत्यांशी अर्धा तास चर्चा केली, मग वाजवलं. काही लोक दारं आपटत निघून गेले, बहुतेक थांबले.

आणि अगदी कालपरवाचं. १ मार्च २०२२ ला म्युनिकच्या महापौरांनी फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख, रशियन संचालक गेर्गिएव्ह यांना काढून टाकलं, कारण युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करायला ते तयार नव्हते. मी त्यांच्या मैफलींना जायचे. रशियन संगीतकार शोस्ताकोविच त्यांच्यासारखा वाजवून घेणारे कमीच. पण हेच गेर्गिएव्ह २००८ मध्ये रशियन सैन्यापाठोपाठ जॉर्जियातल्या दक्षिण ओसेतियात जाऊन शोस्ताकोविचची लेनिनग्राड सिंफनी वाजवून आले होते. म्हणजे तिथे संगीत हेच राजकारणाचं साधन होतं. त्यांना काढलं ते मला योग्य वाटलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या वाद्यवृंदाचं प्रमुखपद हा मान आहे, हक्क नव्हे. त्याच वेळी युरोपात काही ठिकाणी जुन्या रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या रचनाही काढून टाकल्या, ते मात्र मला निखालस चूक वाटतं. १८९३ मध्ये वारलेल्या माणसाने कुणावर रणगाडे पाठवले नाहीत.

रेडिओवेडा

एक विसरू नका. श्रोत्याने रेडिओ बंद करणं वेगळं आणि सरकारने गायक बंद करणं वेगळं. १९७६ मध्ये आणीबाणीत किशोरकुमारने काँग्रेसच्या कार्यक्रमाला गायला नकार दिला आणि आकाशवाणीवरून त्याची गाणी गायब झाली. आम्ही तरुण होतो. विविधभारती लावून बसायचो आणि किशोर नाही म्हणजे नाहीच. एखाद्या युगुलगीताची वाट बघावी तर तेही नाही. माझे वडील कट्टर काँग्रेसचे. इंदिराबाईंच्या विरोधात त्यांच्या तोंडून मी पहिलं वाक्य ऐकलं ते त्याच काळात, आणि ते गाण्यावरून होतं.

२०१५ मध्ये गुलाम अलींचा षण्मुखानंदचा कार्यक्रम शिवसेनेने होऊ दिला नाही, तेव्हा मला तेच दिवस आठवले. जगजित सिंगांच्या स्मरणार्थ होता तो. गुलाम अली कुठल्या राजकारणावर बोललेसुद्धा नव्हते.

तांबडी माती

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ ला प्रत्येक घरात शिरला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही याचा जनमत कौल. आजोबा मराठीवादी, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, विलीनीकरणासाठी गावोगाव फिरलेले. समोर उल्हास बुयांव आपल्या कोकणी गाण्यांनी सभा भारून टाकायचे. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आजोबा म्हणायचे की यातली निम्मी मतं बुयांवांच्या गळ्याने खेचली. हे सांगताना त्यांचा आवाज कडवट व्हायचा. पण घरात बुयांवांची तबकडी होती, आणि ती त्यांनीच आणलेली. 'चान्न्याचे राती' लागलं की कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. कोकणी ही भाषा की बोली, यावर ते शेवटपर्यंत भांडले.

निळी पहाट

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. तुम्ही सगळे "त्यांचे विचार पटत नाहीत तरी आम्ही ऐकतो" म्हणताय. मी सांगते की आमच्या गायकाचं तुम्ही अर्धंच ऐकता.

प्रल्हाद शिंदे. आषाढी जवळ आली की एसटी स्टँडवर, टपरीवर, देवळाच्या भोंग्यावर 'पाऊले चालती पंढरीची वाट'. श्रावणात 'ऐका सत्यनारायणाची कथा'. गणपतीत 'तूच सुखकर्ता'. महाराष्ट्राच्या भक्तीला या आवाजाशिवाय वर्ष पुरं करता येत नाही. आणि हाच माणूस आयुष्यभर भीमगीतं गायला. आमच्या गावात १४ एप्रिलला वस्तीतून हाच आवाज यायचा तेव्हा वरच्या आळीतून निरोप यायचा, आवाज कमी करा. आवाज तोच होता. स्पीकरसुद्धा बऱ्याचदा तोच असायचा, एकाच मंडपवाल्याकडचा.

आता आमची बाजूही सांगते, कारण ती सोपी नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा माझ्या वडिलांना तोंडपाठ. राम-कृष्ण मानणार नाही, गौरी-गणपती मानणार नाही. त्यांनी प्रल्हाद शिंद्यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी जिवापाड जपल्या आणि विठ्ठलाच्या गाण्यांची एकही घरात येऊ दिली नाही. आपल्याच माणसावर ते चिडायचे. "ज्याने देवळाबाहेर उभं केलं त्याचीच वाट का दाखवतो?" आजी मात्र निवडणं-टिपणं करताना 'चल ग सखे पंढरीला' गुणगुणायची. वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तिच्या विठ्ठलाचा काही संबंध सत्यनारायणाशी नव्हता, चोखोबाशी होता, हे मला पुढे कळलं.

मी आज दोन्ही ऐकते. विठ्ठल मानत नाही. पण 'पाऊले चालती' मध्ये दमलेल्या माणसाचा जो थकवा आणि सुटका आहे ती मी ओळखते, कारण तो आवाज आमच्यातला आहे. त्या गाण्यातला देव मला नको, तो गळा हवा. तुमच्यापैकी किती जणांनी उलटा प्रवास केलाय? देव तुमचा आणि गळा आमचा इथपर्यंत सगळे येतात. गळाही आमचा आणि शब्दही आमचे, असं गाणं किती जण लावतात?

पंचमवेडी

नि:शब्द. मी लहानपणापासून 'तूच सुखकर्ता' ऐकतेय. हेच प्रल्हाद शिंदे भीमगीतं गायचे हे मला पस्तिशीनंतर कळलं. कुणी सांगितलंच नाही.

माटुंगा रोड

निळी पहाट ताई, मला बावीस प्रतिज्ञांतल्या काही खुपतात, ते लपवत नाही. पण तुमच्या वडिलांचा राग मला समजला. आमच्याकडे कृष्णांवर लोक तसेच चिडतात, "आपला असून असं का गातो" म्हणून. आपल्यातल्यावरचा राग परक्यावरच्या रागापेक्षा जास्त जळतो.

निळी पहाट

तुलना पूर्ण पटली नाही. कृष्णांना मंच नाकारला गेला की दुसरं कुणी मंच देतं. आमच्या शाहिरांना मंडप घालायलाच परवानगी लागायची. पण तुम्ही सरळ बोललात, त्याबद्दल आभार.

सातपुडा

या प्रतिसादानंतर माझी पैशाची रेघ अपुरी वाटतेय. न ऐकणं हे नेहमी बहिष्कारातूनच होतं असं मी धरून चाललो होतो. जे गाणं आपल्यापर्यंत कधी पोचूच दिलं गेलं नाही, त्याबद्दल मी काहीच ठरवलेलं नव्हतं.

उत्तररात्र

इझारकाठ, बारेनबॉईमचा अर्धा तास मला फार मोलाचा वाटला. ज्याला जखम झालीय त्याला आधी विचारायचं, उठून जायची मोकळीक द्यायची आणि मग वाजवायचं. बंदीही नाही आणि "तुम्हाला संगीत कळत नाही" असला उद्धटपणाही नाही. मात्र मंचावर चढलेल्या त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो.

निळी पहाट, सेवादलाच्या गाण्यांत आम्ही समतेबद्दल पुष्कळ गायलो, पण ती गाणी बहुतेक आमच्याच कवींनी लिहिलेली. अण्णाभाऊंची 'माझी मैना' आम्ही म्हणायचो, संयुक्त महाराष्ट्राचं गाणं म्हणून. भीमगीतं मात्र आमच्या यादीत आली नाहीत. सुरुवात कुठून करू ते तुम्हीच सांगा. मोठ्या सभेत वाजतात ती नकोत, घरात ऐकली जातात ती सांगा.

निळी पहाट

वामनदादा कर्डकांपासून करा. सिन्नरजवळच्या देशवंडीचे, जन्म १९२२. २००४ मध्ये गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. 'उद्धरली कोटी कुळे' तुम्ही कुठेतरी ऐकलं असेलच. ते आमच्या घरात सकाळी लागतं, सणावाराला नव्हे, रोज. त्यानंतर 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो' ऐका. धनाच्या साठ्यातला आमचा वाटा कुठे गेला असं ते थेट विचारतं. सेवादलवाल्यांना ते लगेच आवडेल. माटुंगा रोड यांना बहुधा नाही आवडणार. त्यांनी तरी ऐकावं आणि काय पटलं नाही ते इथेच लिहावं. आमच्या गाण्यांशी कुणी वाद घातलेला मला चालेल, कारण त्यासाठी ती आधी पूर्ण ऐकावी लागतील.